कर्करोगग्रस्त बालकांतील मूत्रपिंडकार्याचे अनुमान

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बालकाची मूत्रपिंडे दर मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात, याचा रक्ततपासणी आणि उंची यांवरून बांधलेला अंदाज म्हणजे मूत्रपिंडकार्याचे अनुमान होय. मूत्रपिंडातील ग्लोमेरुलस या केशवाहिन्यांच्या झुपक्यांतून हे गाळण होते, म्हणून त्याच्या वेगाला ग्लोमेरुलर गाळणदर किंवा जीएफआर म्हणतात. लहानमोठ्या शरीरांची तुलना करता यावी यासाठी तो १.७३ चौ. मी. शरीरपृष्ठास अमुक मिलिलिटर प्रतिमिनिट असा सांगतात. नवजात अर्भकात तो कमी असतो आणि वयाच्या सुमारे दोन वर्षांपर्यंत प्रौढांच्या पातळीला पोहोचतो.

अनुमानाचे महत्त्व औषधांमुळे आहे. कार्बोप्लॅटिन आणि मेथोट्रेक्सेट ही औषधे मुख्यतः लघवीवाटे शरीराबाहेर पडतात, त्यामुळे गाळण मंदावले की ती रक्तात साचून रक्तपेशी आणि तोंडाचे अस्तर यांना इजा करतात. उलट सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड ही औषधे मूत्रपिंडालाच इजा करतात. विल्म्स ट्यूमर या मूत्रपिंडाच्या कर्करोगात एक मूत्रपिंड बहुधा काढूनच टाकावे लागते आणि पुढचे सारे उपचार उरलेल्या एकाच्या बळावर पार पाडायचे असतात.

सर्वाधिक वापरात असलेले सूत्र जॉर्ज श्वार्ट्झ यांचे आहे. १९७६ मध्ये त्यांनी उंची आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) यांची सांगड घातली व २००९ मध्ये सूत्र सुधारून उंची (सेंमी.) गुणिले ०.४१३ भागिले क्रिएटिनिन (मिग्रॅ. प्रति डेसिलिटर) असे सुटसुटीत रूप दिले. खाटेशेजारी उभे राहून तोंडी करता येईल इतके सोपे असल्याने हे सूत्र सर्वत्र पसरले. पण ते ज्या बालकांवरून बसवले गेले ती मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराची होती व त्यांचा गाळणदर सामान्यतः १५ ते ७५ या मर्यादेत होता, हे ध्यानात ठेवावे लागते. कर्करोगाच्या बालकाचा दर बहुधा त्याहून बराच वर असतो, म्हणजे सूत्र आपल्या घराबाहेर वापरले जाते. २०२१ मध्ये वय व लिंग विचारात घेणारी सुधारित सूत्रे आली, तरी क्रिएटिनिनवरचे अवलंबन कायम राहिले.

खरी अडचण क्रिएटिनिनच्या उगमात आहे. ते स्नायूंत तयार होते, म्हणून ज्याचे स्नायू झिजले आहेत त्याच्या रक्तात ते मुळातच कमी असते आणि सूत्र त्या कमतरतेचे श्रेय मूत्रपिंडाला देते. समजा, एखाद्या मुलाची उंची १२० सेंमी., वजन १८ किग्रॅ. आणि क्रिएटिनिन ०.४ आहे, तर सूत्राने गाळणदर १२४ येतो. कुपोषण किंवा स्टेरॉइडमुळे स्नायू घटून क्रिएटिनिन ०.३ झाले, तर मूत्रपिंडात काहीही बदल न होता तोच दर १६५ दिसतो. या मुलाचे शरीरपृष्ठ सुमारे ०.७७ चौ. मी. असल्याने प्रत्यक्ष गाळण अनुक्रमे सुमारे ५५ व ७४ मिलि. प्रतिमिनिट निघते. न्यूएल यांच्या १९९३ च्या सूत्रानुसार कार्बोप्लॅटिनची मात्रा म्हणजे रक्तातील लक्ष्यपातळी गुणिले (गाळण अधिक वजनाच्या ०.३६ पट), लक्ष्यपातळी ६ धरल्यास मात्रा सुमारे ३७० वरून ४८० मिग्रॅ. वर जाते. शरीरपृष्ठाची दुरुस्ती करायचीच राहून गेली व १२४ हाच आकडा सूत्रात घातला, तर मात्रा जवळजवळ ७८० मिग्रॅ. होते, आणि ही चूक कोणत्याही गजबजलेल्या वॉर्डात घडू शकते.

विदर्भाच्या ग्रामीण भागात हा प्रश्न अधिक बोचरा होतो. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय, तसेच सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय अशी दोन मोठी शिक्षण-रुग्णालये आहेत. शेतमजूर कुटुंबातले कृश मूल आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातून अशा रुग्णालयात येते तेव्हा त्याचे कमी क्रिएटिनिन ही तब्येतीची खूण नसून अशक्तपणाची असू शकते. म्हणून वजन, दंडाचा घेर आणि आधीचे अहवाल आकड्याच्या शेजारी मांडूनच तो वाचावा. उन्हाळ्यातही सावध राहावे लागते, कारण वैशाखातल्या उन्हाच्या जोडीला केमोथेरपीनंतरच्या उलट्या आल्या की शरीरातले पाणी आटून क्रिएटिनिन तात्पुरते चढते आणि सलाईन देताच उतरते. अशा वेळी घेतलेल्या एकाच नमुन्यावर मात्रा ठरवणे बरे नव्हे.

प्रयोगशाळेची पद्धतही निकाल फिरवते. क्रिएटिनिन मोजण्याची याफे यांची १८८६ ची पिक्रेट-अभिक्रिया स्वस्त असल्याने अजूनही वापरात आहे, परंतु ती रक्तातील इतर पदार्थांनाही रंग देते आणि मुलांच्या अल्प क्रिएटिनिनमध्ये तेवढी चूक मोठी ठरते. २००९ चे सूत्र एन्झाइम-पद्धतीच्या मापनासाठी आहे. न्यूमोनिया टाळण्यासाठी रक्ताच्या कर्करोगात दिले जाणारे कोट्रायमॉक्साझोल क्रिएटिनिनचे उत्सर्जन अडवते, म्हणजे गाळण तसेच राहूनही आकडा बिघडतो. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन स्नायूंवर अवलंबून नसल्याने पर्याय म्हणून पुढे आले, तथापि स्टेरॉइडमुळे आणि दाहामुळे त्याचीही पातळी चढते आणि याच मुलांना स्टेरॉइड भरपूर दिलेले असतात.

नेमके मापन हवे असल्यास टेक्नेशियम-डीटीपीए किंवा आयोहेक्सॉल शिरेतून टोचून ठरावीक तासांनी रक्ताचे दोन किंवा अधिक नमुने घेतात आणि पदार्थ ओसरण्याच्या वेगावरून गाळण काढतात. टेक्नेशियम-डीटीपीए या किरणोत्सारी पदार्थासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो. आयोहेक्सॉलसाठी तो लागत नाही, मात्र त्याच्या मापनाची सोय असलेली प्रयोगशाळा लागते. चोवीस तासांची लघवी जमवण्याची जुनी रीत लहान मुलांत फसते, कारण एकदा जरी लघवी अंथरुणात झाली तरी हिशेब चुकतो.

गाळणदर ठीक असला तरी मूत्रनलिका बिघडलेल्या असू शकतात. आयफॉस्फामाइडनंतर लघवीतून फॉस्फेट व ग्लुकोज वाहून जाऊन मुडदूस होऊ शकतो, तर सिस्प्लॅटिननंतर मॅग्नेशियम घटते. म्हणून ही औषधे घेतलेल्या मुलांत क्षारांची तपासणी गाळणदराबरोबरच, उपचार संपल्यानंतरही काही वर्षे चालू ठेवतात.