दोन मैल लांबीचे चित्र : कॅमेरा, साठवण, पडदा आणि बॅटरी यांची शंभर वर्षांपूर्वीची पारख

भाद्रपद शुद्ध पंचमीला तासगावात गणपतीचा रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या मंदिराचे दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर, दोरखंडाला लागलेले असंख्य हात, गुलालाचा लोट, आणि या साऱ्यावर उंचावलेले मोबाइल. यांतला भारी फोन घेताना तासगावचा तरुण दुकानदाराला चार प्रश्न हमखास विचारतो. कॅमेरा कसा आहे? स्टोरेज किती? डिस्प्ले उन्हात दिसतो का? बॅटरी दिवसभर पुरते का?

हे प्रश्न वाटतात तितके नवे नाहीत. १९१२ ते १९२० या आठ वर्षांत दोन मराठी माणसांनी याच प्रश्नांवर आपली सारी पुंजी आणि आयुष्य लावले. एक त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. दुसरे तासगावच्या नैऋत्येला, शेजारच्याच कोल्हापुरातले बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर. चारांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे त्यांनी चोख काढली. साठवणीचा प्रश्न मात्र मागे राहिला, आणि त्याची किंमत मराठी सिनेमाचा इतिहास आजही मोजतो आहे.

आरंभ एका जाहिरातीपासून करणे योग्य. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला लागला तेव्हा प्रेक्षक फिरकेनात. तासन्‌तास चालणारी नाटके पाहणाऱ्यांना एवढ्याशा खेळासाठी पैसे मोजणे पटत नव्हते. फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे, असा तिचा आशय होता. गर्दी लोटली.

आज फोनच्या खोक्यावर ‘२०० मेगापिक्सेल’ छापतात, त्याचा हा थेट पूर्वज. पण आकडे तपासून पाहावेत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट सांगितली जाते, म्हणजे चित्रे होतात ५९,२००. सत्तावन्न हजारांचा दावा तर खऱ्याहून थोडा कमीच भरतो! दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट. तिथे फाळक्यांनी जवळजवळ तिप्पट फुगवले. एकाच जाहिरातीत एक आकडा प्रामाणिक आणि एक निव्वळ बाजारी. दोन्हींना टाळ्या सारख्याच पडल्या असणार.

बाजारी आकडे लिहिणारा हा माणूस स्वतःसाठी यंत्र घेताना मात्र आकड्यांवर विसंबला नव्हता. फाळके जे. जे. कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ थाटला, पुढे छपाईच्या धंद्यात ब्लॉक बनवले. कॅमेऱ्याच्या अंतरंगाशी त्यांची जुनी ओळख होती. तरीही चलच्चित्राचा कॅमेरा घेण्याआधी त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहण्याचा असा सपाटा लावला, की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. मग विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले.

लंडनमध्ये ते थेट दुकानात शिरले नाहीत. आधी त्यांनी ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना गाठले. त्यांच्यामुळे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहता आला. यंत्र प्रत्यक्ष कामावर कसे चालते हे पाहून झाल्यावर त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला. किंमत पन्नास पौंड. त्या काळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे साडेसातशे रुपये. सोबत फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्रही घेतले, कारण कच्ची फिल्म कोरी, छिद्रांवाचून येत असे. आजच्या भाषेत, कॅमेरा घेऊन भागत नव्हते. मेमरी कार्डसुद्धा घरीच तयार करावे लागे. मुंबईत परतल्यावर हे छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळक्यांनी शिकून घेतले, तेही अंधारात, कारण उजेडाचा एक कवडसा साऱ्या रिळाची राख करी. भारतीय सिनेमाच्या ‘स्टोरेज’ची पहिली तंत्रज्ञ एक मराठी गृहिणी होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत अजून हवी तितकी ठळक आलेली नाही.

मग आली चाचणी. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि रोज थोडी थोडी चित्रे टिपत गेले. महिनाभराहून अधिक काळ चाललेल्या या उद्योगातून सुमारे मिनिटभराची फिल्म निघाली. पडद्यावर बी फुटले, कोंब वर आला, वेल झाली. आज याला ‘टाइमलॅप्स’ म्हणतात. भांडवल देऊ शकणाऱ्यांना पटवण्यासाठी हा खेळ होता हे खरे, पण यंत्राची पारख म्हणून तो अचूक होता. कॅमेरा महिनाभर केसभरही हलला नाही, दर वेळी प्रकाश सारखा पडला, फिल्म ओलाव्याने बिघडली नाही, घरच्या घरी धुलाई जमली, हे सारे एकाच वाटाण्याने सिद्ध केले. फाळक्यांच्या आधी चित्रण करणाऱ्या सावेदादांना, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, हे समाधान नव्हते. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनी टिपली, पण फिल्म धुवायला विलायतेला पाठवावी लागली. आपण काय टिपले हे कळायला बोटीची वाट पाहावी लागे.

या कॅमेऱ्याला एक मोठी खोट होती, आणि ती भिंगात नव्हती. तेव्हाच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कुंकू काळे उमटे, शेंदूर काळवंडे, निळे आकाश पांढरेफटक होई. तासगावच्या रथासमोर त्या काळी हा कॅमेरा उभा केला असता, तर शेंदराची सारी झळाळी काजळीसारखी दिसली असती. म्हणून नटांच्या चेहऱ्यांना फिकट रंगांचा लेप चढवावा लागे. आज फोनचे सॉफ्टवेअर त्वचेचा रंग ‘सुधारते’. त्या काळी ते काम रंगभूषाकार करीत असे.

आता कोल्हापूर. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे कारागीर. फाळक्यांचा चित्रपट पाहून त्यांनाही वेड लागले. पण पन्नास पौंडांचा कॅमेरा त्यांच्या आवाक्याबाहेर होता, आणि १९१४ नंतर महायुद्धामुळे विलायती यंत्रे दुर्मीळ झाली. त्यांच्यापाशी होता एक जुना प्रोजेक्टर. तो उघडून त्यांनी अभ्यास आरंभला.

प्रोजेक्टर उघडून कॅमेरा कसा कळावा? चलच्चित्राच्या यंत्राचे मर्म भिंगापेक्षा थांबण्यात असते. फिल्म सेकंदाला सोळा वेळा पुढे सरकते आणि सोळा वेळा पूर्ण थांबते. थांबलेली असताना शटर उघडते, सरकताना मिटते. कॅमेऱ्यात प्रकाश बाहेरून आत येतो, प्रोजेक्टरमध्ये आतून बाहेर जातो. मधली यंत्रणा जवळपास तीच. ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या यंत्रात तर एकच पेटी दोन्ही कामे करी. कोल्हापूरच्या कारागिरांचा तर्क म्हणून बरोबर होता. अवघड होता तो नेमकेपणा. फिल्मवरचे एक चित्र जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद; तीन मीटरच्या पडद्यावर ते एकशेवीस पट वाढते. फिल्म थांबताना मिलिमीटरचा दहावा भाग चुकली, तर पडद्यावर चित्र बारा मिलिमीटर उडी मारते. राजाचा मुकुट थरथरू लागला की पौराणिक कथेचा विनोद होतो.

१९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट होते. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेतले, आणि १९१८ मध्ये कोल्हापुरात देशी कॅमेरा तयार झाला. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल पुरवले गायिका तानीबाई कागलकर यांनी. १९२० मध्ये या कॅमेऱ्याने टिपलेला ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले.

या भूभागात तेव्हा असे का घडत होते, याचा विचार करताना तासगावजवळचे आणखी एक ठिकाण आठवते. कुंडलच्या माळावर, औंध संस्थानच्या हद्दीत, १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला होता. तेही जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळल्यावर यंत्ररेखाटनाकडे वळले. विलायती नांगर समोर ठेवून देशी नांगर घडवणारे किर्लोस्कर आणि प्रोजेक्टर समोर ठेवून कॅमेरा घडवणारे बाबूराव यांचा एकमेकांशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण यंत्राची पारख ते खोलून करायची, ही वृत्ती कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात तेव्हा एकट्यादुकट्याची नव्हती, एवढे निश्चित.

बॅटरीचा प्रश्न सर्वांत सोपा होता, कारण बॅटरीच नव्हती. कॅमेरा हँडलने फिरे. एका फेऱ्यात आठ चित्रे, सेकंदाला दोन फेरे. मनात ताल धरून हात फिरवायचा. हात मंदावला की पडद्यावरचे पात्र धावू लागे. खरी मर्यादा सूर्याची होती. फाळक्यांचे काम उन्हावर चाले, ऊन उतरले की दिवस संपला. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरून ही मर्यादा ओलांडली.

पडद्याची गोष्ट त्याहून रंजक. सिनेमा येण्यापूर्वीच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले होते. निवेदन, संगीत आणि रंगीत काचा यांनी प्रेक्षकांचा डोळा आधीच घडवला होता. पुढे सातारा-सांगलीच्या जत्रांत तंबू सिनेमा आला. तिथला ‘डिस्प्ले’ म्हणजे एक पांढरे कापड. उघड्यावरच्या खेळात माणसे कापडाच्या दोन्ही बाजूंना बसत. मागे बसलेल्यांना नायक डावखुरा दिसे आणि अक्षरे उलटी. तक्रार फारशी कोणी केली नसावी, वाचता येणारे तेव्हा थोडेच होते. उन्हात पडदा दिसतो का हा आजचा प्रश्न तंबूवाल्यांनी सरळ सोडवला होता. रात्र होईपर्यंत थांबायचे.

उरली साठवण. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. पारदर्शक, लवचीक, स्वच्छ चित्र देणारी. त्या दृष्टीने तिच्याहून सरस वस्तू उपलब्ध नव्हती. पण नायट्रेट ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू आपल्याच पोटात बाळगतो. एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते. पेटले नाही तरी उष्ण, दमट हवेत चिकट होऊन शेवटी भुकटी होते. शिवाय त्यावरच्या लेपात चांदी असते, म्हणून खेळ संपलेल्या फिल्मला चित्र म्हणून नव्हे तर भंगार म्हणून भाव येई. चांदी काढून उरलेल्या पट्ट्या फेकल्या जात. त्या काळच्या निर्मात्याला दोष देण्यातही अर्थ नाही. चित्रपट हा त्याच्या लेखी पुढच्या चित्रपटाला पैसे मिळवून देणारा माल होता, दस्तऐवज नव्हता.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांचा मोठा भाग नाहीसा झाला होता. पी. के. नायर यांनी उरलेसुरले शोधून गोळा केले. ‘राजा हरिश्चंद्र’चा फक्त काही भाग मिळाला, आणि तो १९१३ चा मूळ की १९१७ ला फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेला, यावर अभ्यासकांत वाद आहे. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याचे नशीब याहून खडतर. ‘सैरंध्री’ उरलेला नाही. सावकाराच्या पाशात सापडलेल्या शेतकऱ्याची कथा सांगणारा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ही नाही. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

शांताराम, दामले, फत्तेलाल आदींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि ती १९३३ मध्ये पुण्याला हलवली. पुढे त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली. जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. अनेक चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या, म्हणून सर्वस्व गेले नाही. मूळ रिळे मात्र गेली.

आजच्या फोनमधली साठवण अर्थात जळत नाही. तीत चित्र म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. फोन बंद करून वर्षानुवर्षे कपाटात ठेवला तर तो भार हळूहळू गळतो. दुकानात ‘२५६ जीबी’ हा आकडा किती मावते ते सांगतो, किती वर्षे टिकते ते सांगत नाही. रथोत्सवाचे चित्रण फोनबाहेर दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून ठेवणारे घर तासगावात किती असेल, हा प्रश्न पन्नास वर्षांनी तिथल्या उत्सवाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पडणार आहे.

फाळक्यांचा एक चित्रपट मात्र बऱ्याच अंशी वाचला. १९१९ चा ‘कालिया मर्दन’. त्यात बालकृष्ण झाली आहे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. ती आजही कालियाच्या फण्यांवर नाचताना पाहता येते. एका वर्षाने पुण्याच्या प्रेक्षकांनी पाहिलेला ‘सैरंध्री’तला कीचकवध मात्र वर्णनांतूनच वाचावा लागतो.