कंद सडतो तेव्हा

टोपलीतला बटाटा चिकट होऊन घाण वास सुटला, की आपण हवेला दोष देतो. अमेरिकेत आयरिस या जांभळ्या फुलझाडाचे कंदही असेच सडतात.

यामागे जिवाणू आहे, हे १९०१ साली एल. आर. जोन्स यांनी व्हरमाँटमध्ये कुजक्या गाजरांवरून दाखवलं. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन तो विरघळवतो. म्हणून साल शाबूत दिसते आणि आत लगदा होतो.

पुढे वॉशिंग्टनच्या कृषी खात्यात अर्विन स्मिथ यांनी वीसहून अधिक बायकांना मदतनीस म्हणून घेतलं. त्यांतल्या ल्युशिया मॅक्युलक यांनी ग्लॅडिओलस आणि आयरिसच्या रोगांवर काम केलं. शार्लट इलियट यांनी १९३० साली झाडांच्या जिवाणूंवर ग्रंथच लिहिला. कंद सडवणाऱ्या जिवाणूंच्या कुळाला ‘अर्विनिया’ हे नाव मिळालं, ते मात्र साहेबांचं. म्हणून या बायकांची नावं आम्ही मुद्दाम घेतो.

सडलेला भाग कोणत्याही औषधाने बरा होत नाही. जिवाणू जखमेतून शिरतो. आयरिसमध्ये अळी कंद पोखरून त्याला वाट करून देते. म्हणून कंद उकरून अळी मारायची, घट्ट गर लागेपर्यंत सडका भाग कापायचा आणि दर कापाला सुरी स्पिरिटने पुसायची. कंद सुकवून निचऱ्याच्या जमिनीत, पाठ उघडी ठेवून लावायचे.

आपले कांदे-बटाटेही हाच रोग सडवतो. तेव्हा साठवण्याआधी कापलेले, ओले, ठेचलेले वेगळे काढू या. तेवढ्याने बाकीची रास वाचते.