३. केदारखेड्याची राणीछाप माळ

केदारखेडा (ता. भोकरदन) तेव्हा निजामाच्या मुलखात होता. व्यवहार हाली शिक्क्यात चाले आणि सहा कलदारांना (इंग्रजी रुपयांना) सात हाली मोजावे लागत. तरी दागिन्याला चांदीने सरस म्हणून कलदारच निवडत. लेखकाच्या आजीच्या माळेत १८४० सालचे कंपनीचे रुपये असावेत; राणीच्या डोक्यावर मुकुट नाही, केसांचा अंबाडा आहे, हे वर्णन त्यांनाच जुळते. हा मुखवटा विल्यम वायन (१७९५–१८५१) याचा. बर्मिंगहॅमच्या ठसे कोरणाऱ्या घराण्यातला हा माणूस १८२८मध्ये लंडनच्या शाही टांकसाळीचा मुख्य कोरक झाला. बढतीआधी पिस्त्रुची या इटालियन कोरकाशी त्याची वर्षानुवर्षे चढाओढ होती. पिस्त्रुची परदेशी, म्हणून ते पद त्याला रीतसर मिळालेच नाही. वायन पोलादावर राणीचा चेहरा कोरी, पोलाद कडक करून त्यावरून ठसे घेतले जात. जगातले पहिले टपाल तिकीट (१८४०) त्याच्याच पदकावरच्या मुखावरून काढले. मानेच्या कापलेल्या कडेवर त्याची ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ ही आद्याक्षरे असतात. मात्र माळेतल्या नाण्यांवर ती क्वचितच टिकतात. अंगावर घासून झिजतात. सोनाराचा डाख बहुधा वरच्या कडेला असतो; अक्षरे जाण्यात त्याचा दोष नाही. — संपा.