चौदा आणि चौदा

22 फेब्रुवारी 1774. तुम्ही लंडनमध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या कठड्यामागच्या गर्दीत चेंगरून उभे आहात आणि पुढच्या गृहस्थाच्या विगची पावडर थेट तुमच्या नाकात जाते आहे. शिंक दाबा. भिंतींवर विणलेले प्रचंड पडदे लटकताहेत. 1588 साली इंग्रजांनी पिटाळलेल्या स्पॅनिश आरमाराची चित्रं आहेत त्यांवर. या युद्धचित्रांखाली 4 तारखेपासून एका कवितेच्या पुस्तकाचा खटला चाललाय, आणि तो ऐकायला इतकी झुंबड उडते की कित्येकांना दारातूनच परत फिरावं लागतं.

पुस्तक आहे जेम्स थॉमसनचं 'द सीझन्स'. थॉमसनला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. भांडताहेत ते दोघंही पुस्तकविक्रेते. लंडनच्या थॉमस बेकेटनं भागीदारांसह या कवितेचे हक्क लिलावात घेतले, पाचशेहून जास्त पौंड मोजून. एडिंबरोच्या अलेक्झांडर डोनाल्डसननं ती कोणाला न विचारता छापली. वर लंडनमध्येच दुकान थाटून तिथल्या भावापेक्षा तीस ते पन्नास टक्के कमी किमतीत पुस्तकं विकायला काढली.

म्हणजे पायरसीच की, असं तुमच्या तोंडून निघून जाईल. लंडनचे व्यापारीही तेच म्हणतात. कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन तर डोनाल्डसनवर चांगलेच तापलेले असतात. गरीब विद्यार्थ्यांना पुस्तकं स्वस्त मिळावीत म्हणून तो हे करतो, असं कोणी म्हटलं तर ते त्याला श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या रॉबिन हूडच्या पंगतीला बसवतात.

पण कायदा काय म्हणतो ते बघा. 1710 सालच्या या कायद्याच्या नावातच विद्येला उत्तेजन देण्याची भाषा आहे. नव्या पुस्तकाचा हक्क चौदा वर्षं. तोवर लेखक हयात असेल तर आणखी चौदा. पुढे कोणीही छापावं. 'द सीझन्स' एकत्रित रूपात 1730 साली आलं. चौदा आणि चौदा अठ्ठावीस. 1758 साली विषय मिटायला हवा होता.

लंडनवाल्यांचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मते कायद्यातली मुदत म्हणजे वरचं जादा संरक्षण. त्याच्याखाली लेखकाची मूळ मालकी आहेच आणि ती कधीच संपत नाही. आजोबांनी बांधलेलं घर नातवाला मिळतं, तर आजोबांनी लिहिलेली कविता का मिळू नये? पाच वर्षांपूर्वी, याच कवितेच्या आधीच्या खटल्यात, किंग्ज बेंच न्यायालयानं हा युक्तिवाद मान्यही केला होता. तो निकाल देणारे लॉर्ड मॅन्सफील्ड आज इथेच बसलेत, पण तोंडातून चकार शब्द काढत नाहीत.

मला हा घराचा दाखला पटत नाही. घरात एका वेळी एकच कुटुंब राहतं. कविता तुम्ही पाठ केलीत म्हणून माझी कमी होत नाही. शिवाय इथे नातवंडं आहेत कुठे? थॉमसन अविवाहितच गेला. 'लेखकाचा हक्क' म्हणून जो गजर चाललाय तो त्याच्या वंशजांसाठी नाही. हे हक्क म्हणजे व्यापाऱ्यांच्या आपसातल्या लिलावात, बाहेरच्याला दार बंद ठेवून, हिश्श्याहिश्श्यानं विकला जाणारा माल आहे.

आता लॉर्ड कॅम्डेन उभे राहतात. कान द्या, हा माणूस बोलतो छान. हक्क कायमचा दिलात तर सगळी विद्या मूठभर व्यापाऱ्यांच्या कुलपात जाईल, ते मागतील ती किंमत मोजावी लागेल, असं ते बजावतात. इथवर मान डोलवा. पण पुढे ते म्हणतात की थोर लेखकाला कीर्ती हवी असते, पैसा नव्हे. मिल्टननं काही पाच पौंडांसाठी 'पॅराडाइज लॉस्ट' लिहिलं नव्हतं. इथे मात्र टाळी राखून ठेवा. 1667च्या करारात मिल्टनला सही करताना पाच पौंड मिळाले, पहिल्या तेराशे प्रती खपल्यावर आणखी पाच. त्याच्या पश्चात बायकोनं उरलासुरला हक्क आठ पौंडांना देऊन टाकला. लेखक उदार होता म्हणून नव्हे, त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता म्हणून. पोट भरलेल्या सरदारानं लेखकाला निरिच्छपणाचा उपदेश करावा हे ऐकून इतिहासकार कॅथरीन मॅकॉली याच वर्षी एक पुस्तिका काढणार आहेत. त्यांचा टोला साधा आहे: कितीही कीर्ती असली तरी खाटीक आणि पाववाला बिलातली एक दमडी सोडत नाहीत.

निकाल डोनाल्डसनच्या बाजूनं लागतो. हक्क आहे, पण कायद्यानं दिलेल्या मुदतीपुरताच. एडिंबरोत जल्लोष होतो. लंडनचे पुस्तकविक्रेते आम्ही बुडालो म्हणत पार्लमेंटकडे धाव घेतात. कॉमन्स त्यांना दिलासा देणारं विधेयक मंजूर करतं, लॉर्ड्स फेटाळतात.

मुदत किती, हे भांडण मात्र तिथे मिटलं नाही. जरा 1991च्या दिल्लीत डोकावून या. रवींद्रनाथ टागोरांना जाऊन पन्नास वर्षं झालीत, भारतीय कायद्यातली मुदत वर्षअखेर संपते आहे आणि विश्वभारतीच्या हातून हक्क निसटणार आहेत. डिसेंबर संपता संपता अध्यादेश निघतो आणि पन्नासाची साठ वर्षं होतात. एका कवीसाठी झालेली ही वाढ देशातल्या प्रत्येक लेखकाला लागू झाली. साने गुरुजी 1950 साली गेले. जुन्या हिशेबानं 'श्यामची आई' 2001च्या जानेवारीत खुली झाली असती, ती 2011 साली झाली. आज वेगवेगळ्या प्रकाशकांच्या तिच्या स्वस्त आवृत्त्या दिसतात, त्यांमागे हीच तारीख आहे. काहींची छपाई बघवत नाही, हेही खरं.

परत लंडनला चला, पण 1775मध्ये. आता पार्लमेंटपुढे यंत्र आहे. जेम्स वॉटचं वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट 1769चं, मुदत चौदा वर्षांची. त्यातली सहा इंजिन बाजारात यायच्या आतच गेलीत. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन मुदत वाढवून मागतात, आणि पार्लमेंट ती थेट 1800 सालापर्यंत वाढवतं. कवितेला आखडता हात आणि इंजिनाला सढळ! पेटंटवाल्याला निदान आपली युक्ती लिहून जगापुढे मांडावी लागते, म्हणजे मुदतीनंतर इतरांना ती वापरता येते. तरीही एवढी वर्षं कशाला, असं मला वाटतंच.

आता शेवटचा मुक्काम: मार्च 1777, ईस्टरच्या आदल्या दिवशी, डॉ. जॉन्सनचं घर. तीन पुस्तकविक्रेते दारात आलेत. तुम्ही त्यांच्या मागोमाग आत शिरा. जुन्या कवींवरचा मक्ता संपल्यावर जॉन बेल नावाच्या प्रकाशकानं इंग्रजी कवींची छोटेखानी, स्वस्त मालिका काढलीय. छापली जाते एडिंबरोतच. लंडनवाले हबकलेत. कविता आता सगळ्यांच्याच, त्यामुळे नुसत्या कविता छापून भागणार नाही. बेलच्या पुस्तकात नसेल असं काहीतरी घालायला हवं. म्हणून प्रत्येक कवीची छोटी ओळख जॉन्सननी लिहावी, मोबदला त्यांनीच सांगावा, असा प्रस्ताव आहे. या ओळखी लिहिता लिहिता वाढत जाऊन 'लाइव्ज ऑफ द पोएट्स' होणार आहेत, इंग्रजी समीक्षेतलं एक मोठं पुस्तक.

जॉन्सन घासाघीस करत नाहीत. दोनशे गिनी, म्हणतात. तिघं लगेच हो म्हणतात. हजार मागितले असते तरी त्यांनी खुशीनं दिले असते, असं पुढे जॉन्सनच्या मित्रमंडळींत बोललं जाईल.