गोचिडीपासून प्रिऑनपर्यंत

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी एक शेळी आंब्याच्या खोडाला कूस घासत होती. सालीच्या खाचांत तिचे केस अडकले होते. “काही नाही, गोचिड्या झाल्यात,” राखणारी मावशी म्हणाली, आणि मला स्क्रेपी आठवला. स्क्रेप म्हणजे खरवडणं. मेंदूची चाळण करणारा हा मेंढ्यांचा आजार. इंग्रजी नाव अंग घासण्यावरून पडलं, फ्रेंच नाव थरथरीवरून. आपल्याकडे 1961 साली झ्लॉटनिक आणि कटियार यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत तो नोंदवला.

त्याच्या कारकाचा शोध 1982 पासून, म्हणजे त्याला ‘प्रिऑन’ हे नाव देणाऱ्या प्रुसिनर यांच्यापासून सांगायची रीत आहे. माझ्या मते ही कथा गोचिडीपासून सुरू होते.

स्कॉटलंडात गोचिडीमुळे मेंढ्यांना ‘लूपिंग इल’ हा विषाणूजन्य आजार होई. गॉर्डन यांनी त्यावर लस काढली. मेंढ्यांचा मेंदू, मज्जारज्जू आणि प्लीहा वाटून त्यात फॉर्मॅलिन घातलं, म्हणजे विषाणू मरावा. तो मेलाही. पण 1935 च्या लशीची एक खेप सुमारे 18,000 मेंढ्यांना टोचली गेली आणि दोनेक वर्षांनी त्यांतल्या कित्येक अंग घासू लागल्या: लशीतूनच त्यांना स्क्रेपी झाला होता. स्क्रेपी टोचून पसरतो हे कुइये आणि शेल यांनी फ्रान्समध्ये 1936 साली दाखवलंच होतं. पण तो फॉर्मॅलिनलाही पुरून उरतो, हे या अपघातानं कळलं.

यावर ‘चिवट, संथ विषाणू असेल’ असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि फक्त फॉर्मॅलिनच्या जोरावर त्यांना खोडून काढता येत नाही, हे मान्य. पण टिकवा अल्पर यांनी स्क्रेपीच्या कारकावर अतिनील किरणांचा मारा केला. विषाणूंचे डीएनए-आरएनए ज्यानं मोडतात त्यालाही हा दाद देईना. 1967 साली ग्रिफिथ या गणितज्ञानं नुसतं प्रथिनच आपली घडी दुसऱ्यावर लादू शकेल, असं मांडलं. विषाणूवाद्यांची बाजू इथंच लंगडी पडली, असं मी धरतो.

अशा संसर्गजन्य प्रथिनासाठी प्रुसिनर यांनी प्रोटीन आणि इन्फेक्शस यांतून शब्द घडवला. सरळ जोडला तर ‘प्रोइन’ होतो. त्यांनी अक्षरं फिरवून ‘प्रिऑन’ केलं. प्रिऑन नावाचे समुद्रपक्षी आधीपासून आहेत, चोचीच्या करवती कडेवरून ग्रीक ‘करवत’ या शब्दानं ओळखले जाणारे. खरवडणं आणि करवत! हा निव्वळ योगायोग, तरी मला तो सोडवत नाही. 1997 साली प्रुसिनर यांना नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत आजही प्रिऑनबाधित मेंदू फॉर्मॅलिनमध्ये ठेवला, तरी त्याचे काप घेण्याआधी तुकडे तासभर तीव्र फॉर्मिक आम्लात बुडवतात.