दुरातोनच्या काठावरील सनद

जमिनीवरचा हक्क प्रथम वहिवाटीने उत्पन्न होतो, मागाहून तो लेखात येतो, आणि लेखात आला म्हणजे कायमचा सुरक्षित झाला असे मानून लोक स्वस्थ बसतात. या शेवटच्या अवस्थेत हक्काचे काय होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कोमुनिदाद, देवस्थान आणि महाजनकी यांच्या दप्तरांशी ज्यांचा पिढीजात संबंध आहे, त्या वाचकांस हा विचार परका वाटू नये. आम्हांस तो स्पेनमध्ये, कास्तीलच्या पठारावर सायकलीने जाताना पुन्हा पुन्हा करावा लागला. तेथे जुना लेख आहे, ज्या भूमीसाठी तो झाला ती भूमीही आहे. माणसे मात्र विरळ झाली आहेत.

हा सेगोव्हिया प्रांत. सायकलीचे वेड या भागात जुने आहे. स्पेनची मोठी सायकल शर्यत, जिला व्हुएल्ता म्हणतात, ती 1935 साली सुरू झाली. आणि 1988 साली फ्रान्सची शर्यत जिंकणारा पेद्रो देल्गादो हा सेगोव्हियाचाच. तेथील वाहतूक कायद्याप्रमाणे सायकलस्वारास मागे टाकणाऱ्या मोटारीने बाजूस किमान दीड मीटर अंतर सोडले पाहिजे. नियम कागदावर असणे ही एक गोष्ट आणि निर्जन रस्त्यावर, कोणी पाहत नसता, मालमोटारीने तो पाळणे ही दुसरी. आमच्या प्रवासात तो बहुधा पाळला गेला, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

सेगोव्हियाच्या रोमन जलसेतूपासून ईशान्येस निघाले की उजव्या हातास ग्वादार्रामाची पर्वतरांग बराच वेळ सोबत करते. वाटेत पेद्राझा हे एकाच वेशीचे तटबंद गाव लागते. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने 1526 च्या माद्रिद तहाची हमी म्हणून आपले दोन पुत्र ओलीस दिले होते; त्यांच्या बंदिवासाचा काही काळ येथील किल्ल्यात गेला. राजाने तह मोडला आणि शिक्षा मुलांनी भोगली. पुढे 1530 साली ती मुले सुटली व त्यांतील धाकटा फ्रान्सचा दुसरा हेन्री झाला. पेद्राझाहून पुढे चढउतार करीत गेल्यावर सेपुलवेदा दिसते. दुरातोन आणि कास्लिया या दोन नद्यांच्या मधल्या खडकावर ते वसले आहे, आणि त्याची लोकसंख्या आज सुमारे एक हजार भरेल.

या लहानशा गावाचे नाव युरोपच्या विधि-इतिहासात कायम झाले ते त्याच्या ‘फुएरो’मुळे. लॅटिन ‘फोरुम’ या शब्दापासून हा शब्द झाला. फोरुम म्हणजे बाजाराचा चौक आणि न्यायाची जागाही. तेथून फुएरोचा अर्थ झाला स्थानिक रूढींची राजमान्य सनद. दहाव्या शतकात दुएरो नदीच्या दक्षिणेचा मुलूख सरहद्दीचा होता. कास्तीलचा काउंट फेर्नान गोन्सालेस याने 940 साली सेपुलवेदाची पुनर्वसाहत केली. त्याच शतकाच्या अखेरीस अल् मन्सूरच्या स्वाऱ्यांत ते हातचे गेले आणि पुढे परत आले. अशा जागी स्वखुशीने कोण राहील? शेतीस माणूस हवा, तटावर माणूस हवा, आणि माणूस यावा म्हणून त्यास काहीतरी द्यावयास हवे. राजाजवळ देण्यासारखी एकच गोष्ट विपुल होती, ती म्हणजे हक्क.

सहाव्या आल्फोन्सो राजाने 1076 साली ही सनद दिली. ‘दिली’ म्हणण्यापेक्षा ‘मान्य केली’ म्हणणे अधिक बरोबर; कारण आपला आजा आणि त्यापूर्वीचे काउंट यांच्या काळी चालत आलेल्या रीतीच आपण कायम करीत आहोत, असे त्या लेखातच म्हटले आहे. म्हणजे वहिवाट आधी आणि राजमुद्रा मागाहून. कलमे थोडी व रोखठोक आहेत. न्यायाधीश गावचाच असावा, त्याची मुदत एक वर्षाची असावी आणि तो चर्चवार मोहल्ल्यांतून आळीपाळीने घ्यावा. मनुष्य निपुत्रिक वारला म्हणून धन्याने त्याची मालमत्ता घेऊ नये. त्याचे कोणी आप्त नसतील तर गावसभेने ती घ्यावी आणि त्याच्या आत्म्यासाठी दानधर्म करावा. या एका कलमात गावसभा निराधार मृताची वारस होते आणि त्याच्या उत्तरकार्याचा भारही उचलते. हे वाचताना आम्हांस त्या अनामिक लोकांविषयी आदर वाटला.

आणखी एक कलम आजच्या वकिलास चमत्कारिक वाटेल. सेपुलवेदाच्या माणसाने कास्तीलमधील कोणाचा वध केला आणि तो दुएरोपर्यंत पळून येऊ शकला, तर त्याचा कोणी पाठलाग करू नये! नीतीच्या दृष्टीने हे समर्थनीय नाही. परंतु ओसाड मुलूख वसवू पाहणाऱ्याला माणसाचे पूर्वचरित्र पाहणे परवडत नव्हते. ही सनद इतकी उपयुक्त ठरली की 1179 मध्ये उक्लेस आणि 1233 मध्ये मोरेया येथील वसाहतींनी तिचा आदर्श घेतला. तिच्या पुढील, विस्तारित कास्तिलियन रूपात मात्र ख्रिस्ती, यहुदी व मुसलमान यांस समान लेखलेले नाही. आणि 1492 साली राजाज्ञेने यहुदी देशाबाहेर काढले गेले तेव्हा या गावच्या यहुद्यांस कोणत्याही फुएरोचा उपयोग झाला नाही. सनदेची सावली ज्याच्यावर पडत नाही त्याच्यासाठी ती नसल्यासारखीच असते.

गाव आणि भोवतालची खेडी मिळून ‘नगर व भूमी यांचा समुदाय’ बनला होता. ही भूमी ‘ओचावो’ या नावाच्या, म्हणजे अष्टमांश अशा अर्थाच्या, विभागांत वाटलेली असे. कुरणे, रान आणि पाणी सामाईक. त्या नावाची संस्था आजही अस्तित्वात आहे.

सेपुलवेदाच्या खाली दुरातोन नदी चुनखडीच्या पठारात शिरते आणि वळणावळणांची खोल दरी कोरीत जाते. सायकलस्वारास ती दुरून दिसत नाही. दोन्ही बाजूंस सपाट माळ आणि धान्याची शेते, आणि एकाएकी पायाखाली शंभर मीटरांचा कडा. कड्यांच्या कपारींत गिधाडांची शेकडो जोडपी घरटी करतात. 1989 साली हा भाग संरक्षित उद्यान म्हणून जाहीर झाला. व्हियासेका गावानंतर डांबर संपते, आणि शेवटी सायकल ठेवून पायी जावे लागते ते एका सुळक्यावरील सान फ्रुतोसच्या ठाण्याकडे. तेथे नदी तिन्ही अंगांनी खालून वळसा घालते.

सान फ्रुतोस हा सातव्या-आठव्या शतकांतील तपस्वी आणि सेगोव्हियाचा संरक्षक संत मानला जातो. फुएरोच्याच वर्षी, 1076 मध्ये, त्याच राजाने हे स्थान सिलोसच्या मठास दान दिले, आणि 1100 साली येथील चर्चची प्रतिष्ठा झाली. सात शतकांहून अधिक काळ येथे साधू राहत होते. मग 1836 साली मेंदिसाबाल या मंत्र्याच्या हुकमाने मठांची मालमत्ता सरकारजमा होऊन विक्रीस निघाली. साधू गेले, त्यांची घरे ढासळली, चर्च तेवढे उभे राहिले. पुढे 1855 च्या मादोस कायद्याने गावांच्या मिळकतीही लिलावात आणल्या. सामाईक वापराची जमीन त्यातून वगळली होती खरी, पण सरकारने ती तशी असल्याचे आधी जाहीर केले पाहिजे, अशी अट होती. आठशे वर्षे ज्या कुरणात गुरे चरली ते आपले आहे, हे गावानेच सिद्ध करावयाचे! पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे, यावरच बहुतेक दाव्यांचा निकाल ठरतो.

येथे गोव्याची आठवण आल्यावाचून राहत नाही, आणि ती केवळ आठवण नाही. फुएरोचे पोर्तुगीज भावंड म्हणजे ‘फोराल’. आफोंसो मेशिया याने 1526 साली गोव्याच्या गावकारीचे रीतिरिवाज ज्या लेखात नोंदले तो हाच प्रकार. त्यातही आरंभी, पूर्वी चार माणसे एका ओसाड जागी गेली आणि त्यांनी ती लागवडीस आणली, अशी परंपरा सांगितली आहे. म्हणजे हक्काचे मूळ दोन्हीकडे एकच: येऊन वसणे आणि कसणे. परंतु फोरालास चौदा वर्षे होतात न होतात तोच, 1540 मध्ये, तिसवाडीतील देवालये पाडली गेली, आणि 1541 मध्ये देवांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे गेले. लेख होता, मुद्रा होती. लेखास वाचविण्याचे सामर्थ्य मात्र नव्हते. देव वाचले ते त्यांस घेऊन खाडी ओलांडणाऱ्या माणसांमुळे.

आज फुएरो हा कायदा नाही. सिलोसला दिलेले दानही 1836 मध्ये संपले. एकाच वर्षीचे, एकाच राजाचे दोन्ही लेख असे इतिहासजमा झाले. तरीही 25 ऑक्टोबरला, संताच्या दिवशी, भोवतालच्या गावांचे लोक त्या सुळक्यावर जमतात आणि तेथील पवित्र शिळेभोवती श्रद्धेने तीन फेरे घालतात. सरकारने जमीन विकली, येणे विकता आले नाही. उलट, ज्या खेड्यांतून आम्ही गेलो तेथे कित्येक दारांस कुलपे होती. ज्या भूमीत माणूस यावा म्हणून एका राजाने खुन्यासही अभय दिले, तेथील माणसे आता माद्रिदला पोटासाठी गेली आहेत, आणि त्यांस परत आणील असे कलम कोणास लिहिता आलेले नाही.

आपली देवस्थाने 1886 व 1933 च्या नियमनांचा, आणि कोमुनिदादी 1961 च्या संहितेचा आधार सांगतात. तो आधार सांगावा, दप्तरे नीट राखावी, पुरावा हाताशी ठेवावा. वकील म्हणून आम्ही दुसरे काही सांगणार नाही. परंतु महाजनांच्या नोंदवहीत नाव असणे आणि गावच्या बैठकीस हजर असणे यांत अंतर आहे. मुंबईस किंवा बेळगावास राहणाऱ्या महाजनाने निदान जत्रेस यावे, हिशेब विचारावा, मुलास शीव दाखवावी. वहिवाटीने आलेला हक्क वहिवाटीनेच राहतो.