दुर्गसंवर्धन, स्वयंसेवी : कर्नाळा

दुर्गसंवर्धन, स्वयंसेवी : गडकोट, त्यांवरील टाकी, तट, दरवाजे, मंदिरे व पायवाटा यांची नागरिकांनी स्वेच्छेने व विनामोबदला केलेली देखभाल. महाराष्ट्रातील बहुसंख्य किल्ले डोंगरी असून त्यांपैकी पुष्कळ वनखात्याच्या हद्दीत येतात. अशा ठिकाणी वास्तू व वन या दोहोंचे रक्षण एकाच वेळी करावे लागते. या कामातील अडचणी रायगड जिल्ह्यातील पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्यावर विशेष स्पष्टपणे दिसतात.

कर्नाळा हा पनवेलच्या दक्षिणेस सु. १२ किमी. अंतरावर, मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. त्याची उंची सु. ४४५ मी. असून माथ्यावर बेसाल्ट खडकाचा उभा सुळका अंगठ्यासारखा दुरूनच दिसतो. बोरघाट व पनवेलची खाडी यांमधील व्यापारी मार्गावर नजर ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होई. देवगिरीचे यादव, दिल्लीचे सुलतान, गुजरातचे सुलतान व अहमदनगरची निजामशाही यांच्याकडे तो क्रमाने गेला. १५४० मध्ये पोर्तुगीजांचाही त्याच्याशी संबंध आला. शिवाजी महाराजांनी घेतलेला हा किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहाने मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत जिंकला. पुढे तो पेशव्यांकडे आला. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा येथील किल्लेदार होते. फडके यांचा जन्म पायथ्याजवळच्या शिरढोण गावी १८४५ मध्ये झाला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने किल्ला इंग्रजांसाठी घेतला व त्याचे लष्करी महत्त्व संपले.

किल्ला ओस पडल्यावर त्याची देखभाल करणारे कोणी उरले नाही. गडावर शिबंदी असताना टाक्यांतील गाळ काढणे, तटावरील झुडपे उपटणे व पन्हळी मोकळ्या ठेवणे ही कामे नित्याची असत. ती थांबताच पावसाने व मुळांनी आपले काम सुरू केले. कोकणच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे तट आज जेवढे उभे आहेत, त्याचेच आश्चर्य वाटते.

उपेक्षित गडांकडे समाजाचे लक्ष प्रथम वळले ते रायगडामुळे. जेम्स डग्लस याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईविषयक ग्रंथात शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था वर्णिली. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी केसरीतून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीचे आवाहन केले व त्यातून स्मारक मंडळाचे कार्य सुरू झाले. हा प्रयत्न मुख्यतः निधी व जनजागृती यांचा होता. हाती घमेले व पहार घेऊन दर सुटीला गडावर जाणारा स्वयंसेवक ही त्यानंतर बऱ्याच काळाने आलेली घटना होय. गिर्यारोहण संस्थांचा प्रसार, गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखकांचे दुर्गभ्रमण आणि १९६९ मध्ये महाविद्यालयांतून सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना यांनी त्यास अनुकूल भूमी तयार केली. एकविसाव्या शतकात सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांनी अनेक किल्ल्यांवर टाक्यांची स्वच्छता, वाटांची डागडुजी, लोकवर्गणीतून लाकडी दरवाजे व तोफगाडे बसविणे अशी कामे केली. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस व त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये स्थापिलेल्या संस्थेने जुन्या वास्तूंचे नूतनीकरण करण्याऐवजी त्यांची सतत किरकोळ देखभाल करावी, असा आग्रह धरला होता. मराठी स्वयंसेवकांचे उत्तम काम नकळत याच तत्त्वाने चालते. त्यांचे सदोष काम मात्र बहुधा नूतनीकरणाच्या उत्साहातून घडते.

कर्नाळ्याच्या परिसराला १९६८ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. प्रारंभी ते सु. ४·४८ चौ. किमी. होते, २००३ मध्ये त्याचा विस्तार सु. १२ चौ. किमी. पर्यंत झाला. त्यामुळे किल्ल्यावर हात लावणाऱ्याला पुरातत्त्वविषयक नियमांबरोबर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चेही बंधन येते. वनाधिकाऱ्यांच्या अनुमतीवाचून येथे फांदीही तोडता येत नाही. हे बंधन अनेकांस जाचक वाटते. परंतु जे झुडूप तटाला घातक, त्याच झुडपात पक्ष्याचे घरटे असू शकते. पावसाळ्याच्या तोंडावर येथे प्रजननासाठी येणारा तिबोटी खंड्या मातीच्या उभ्या कडेत बीळ करून अंडी घालतो. वाटेची ‘नीट’ तासलेली कड त्याचे घर मोडू शकते. सुळक्यावर आग्या मोहोळे असतात. गोंगाट, धूर वा दगड टाकणे यांमुळे मधमाश्या खवळून जिवावर बेतू शकते. म्हणून तेथील काम शांतपणे व मर्यादित संख्येने करणे अगत्याचे ठरते.

सुळक्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली टाकी व कोठारे आहेत. टाक्यातील गाळ उपसणे हे स्वयंसेवकांचे सर्वांत आवडते काम. श्रम दिसतात व पाणीही दिसते. परंतु गाळ म्हणजे केवळ चिखल नव्हे. त्यात खापरे, लोखंडी वस्तू, क्वचित नाणीही असू शकतात आणि कोणत्या थरात काय सापडले, यावरून कालनिर्णयास मदत होते. फावड्याने उपसून दरीत लोटलेला गाळ हा न वाचताच फाडलेला दप्तराचा कागद होय. गाळ चाळणे, छायाचित्रे व मोजमापे घेणे व सापडलेल्या वस्तू शासनाच्या स्वाधीन करणे आवश्यक आहे. भूगर्भात सापडलेल्या मौल्यवान वस्तूंबाबत १८७८ चा निखात निधी अधिनियम तसे बंधन घालतो. उन्हाळ्यात टाक्यांचे पाणी वन्य प्राण्यांना आधार असते, म्हणून सर्व टाकी एकदम कोरडी करणे इष्ट नाही.

तटावरील वड-पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे लागते. मोठ्या झाडाचे मूळ उपटल्यास त्याने धरून ठेवलेले चिरे ढासळतात. खोड कापून मूळ तसेच ठेवल्यास ते कुजून पोकळी राहते. अशा ठिकाणी तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून हात घालू नये. सिमेंटचा वापर हा दुसरा सार्वत्रिक दोष. मूळ चुन्याचा दर्जा ओलावा बाहेर पडू देतो, तर सिमेंट तो आत कोंडते आणि शेजारचा चिरा फुटतो. चुना मळण्यास वेळ व कौशल्य लागते, आणि एका रविवारच्या शिबिरात ते साधत नाही.

किल्ल्याच्या दरवाजांवर मराठी व फार्सी शिलालेख आहेत. अक्षरे उठून दिसावीत म्हणून ती रंगविणे किंवा तारेच्या ब्रशाने घासणे हा उपद्रव अनेक गडांवर सद्‌हेतूने झालेला आहे. खोदलेल्या अक्षराची झीज भरून येत नाही. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडणे व ठसा न घेता तिरप्या उजेडात छायाचित्र घेणे एवढेच पुरेसे असते.

२०२५ च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला. त्यांत रायगड, राजगड, लोहगड असून कर्नाळा नाही. अशा यादीबाहेरच्या गडांवर स्वयंसेवकांचा भार अधिक असतो. कर्नाळ्यावर महामार्गामुळे पर्यटकांची वर्दळ मोठी असल्याने प्लॅस्टिक गोळा करणे हे वर्षभराचे काम आहे. तट व टाक्यांवरील कामे पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या सुमारास सुरू होतात व वैशाखापर्यंत, वणव्याची भीती वाढेतो, चालतात.